नववीपासून भूक बंद

वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावहून शेलुबाजारकडे निघालं की जुन्या नागपूर-औरंगाबाद रस्त्यावर आमचं किन्हीराजा लागतं. म्हणजे पूर्वी लागायचं. समृद्धी महामार्ग झाल्यापासून मुंबईला निघालेला नागपूरकर ताशी १२० च्या वेगानं आमच्या बाजूनं निघून जातो. त्याला किन्हीराजा लागत नाही, काचेतून नुसतं सोयाबीन दिसतं. त्याचं आम्हाला फार दुःख नाही. दुःख आहे ते घरातल्या पोरांचं. तीही सकाळी स्वयंपाकघराच्या बाजूनं अशीच निघून जातात.

आमच्या एकत्र कुटुंबात अशी दोन वाहनं आहेत. चिरंजीव नववीत, शाळा सकाळची, सव्वासातला घंटा. पुतणी अकरावीत, विज्ञान शाखेला. तिचे क्लास मालेगावला, म्हणून तिला त्याहून लवकरची बस. दोघांच्या वाटेवर रोज माझी माय, वहिनी आणि बायको असे तीन टोलनाके उभे असतात. एकाही नाक्यावर वसुली होत नाही.

"खाऊन जा रे बापा."

"भूक नाई."

"दोन घास तरी."

"लेट होते ना आजी."

"मंग चहा तरी घे."

"दे."

यात बदल नाही. मागे पोरं सुटीत मामाच्या गावाला गेली होती, तर सवयीनं मायनं दोन्हीकडची वाक्यं एकटीनंच म्हणून टाकली आणि शेवटचा चहाही स्वतःच प्यायली.

तर आमच्या घरातल्या वाढत्या वयाच्या मुलांचा नाश्ता म्हणजे गंजात उकळलेला, साखर सढळ हातानं टाकलेला चहा आणि त्यात बुडवलेला टोस्ट. टोस्ट नसेल तर बिस्किट. पाच रुपयांच्या पुड्याचं एक बरं आहे, किंमत वर्षानुवर्षं तीच राहते, फक्त पुडा बारीक होत जातो. पोरांची उंची वाढते आणि पुड्याची लांबी घटते, त्यामुळे बुडवण्याचं कौशल्य मात्र पिढीगणिक सुधारत गेलं आहे. बिस्किट चहात किती वेळ धरायचं आणि ते तुटून तळाला जाण्याच्या नेमक्या किती आधी तोंडात टाकायचं, याचा अंदाज चिरंजीवांना असा आहे की भौतिकशास्त्रात हेच प्रकरण परीक्षेला आलं तर पोरगं जिल्ह्यात पहिलं येईल.

या विषयावर घरात सगळ्यात जास्त बोलतात ते माझे काका. ते स्वतः सकाळी फक्त चहा आणि बिडी घेतात, परंतु पोषणावर त्यांची पकड चांगली आहे. "आमच्या टायमाले," ते सुरू करतात, "शिळ्या भाकरीचा कुटका, वरून ठेचा, अन् कांदा बुक्कीनं फोडलेला. हे खाऊन आम्ही वावरात जात होतो. मंग दिवसभर बैल थकत होते, आम्ही नाई." पोरं हे ऐकतात आणि बुटाची लेस बांधतात.

मला या भाकरीबद्दल बरेच दिवस एक शंका होती. काका वावरात जायचे कधी? तर झुंजूमुंजू असताना. आणि भाकर? मी मायला बाजूला घेऊन विचारलं. माय हसली. म्हणाली, "कोनाची भाकर अन् कोनाचा ठेचा! पाच वाजता कोन खाते? कोरा चहा घेऊन जात होते सारे. न्याहारी म्याच नेत होती ना वावरात डोक्यावर टोपलं घेऊन. नऊ-धा वाजत होते मले पोचाले. अन् कधी साडेधा झाले तं तुहा काका बांधावर उभा राहून बोंबलत होता."

म्हणजे झालं काय, की ज्या पिढीनं आम्हाला पहाटेच्या भाकरीचा दाखला दिला, त्या पिढीनं पहाटे भाकर खाल्लेलीच नाही. आधी तीन-चार तास नांगर धरला, निंदण केलं, घाम गाळला, आणि मग न्याहारी स्वतः चालत त्यांच्याकडे आली. बांधावर. गरम ठेच्यासकट. जी माणसं भूक लागल्यावर खात होती ती आता नातवंडांना भूक लागायच्या आधी खायला सांगतात, आणि ती खात नाहीत म्हणून जमाना बिघडला म्हणतात. हे मी काकांना सांगितलं नाही. घरात शांतता हवी असते.

विज्ञान पोरांच्या बाजूनं आहे, हे मला नंतर कळलं. अमेरिकेत ब्राउन विद्यापीठातल्या मेरी कारस्काडन या बाईंनी कित्येक वर्षं पोरांच्या झोपेचाच अभ्यास केला. त्यांचं म्हणणं असं की वयात येताना अंगातलं घड्याळच मागे सरकतं. झोप आणणारं मेलाटोनिन रात्री उशिरा पाझरायला लागतं आणि सकाळी उशिरापर्यंत रेंगाळतं. म्हणजे चिरंजीव सहा वाजता उठतो तेव्हा त्याचं नुसतं शरीर उठलेलं असतं, आतडी अजून पांघरुणातच असतात. तिकडच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं तर २०१४ मध्येच सांगून टाकलं की मोठ्या पोरांच्या शाळा साडेआठच्या आधी भरवू नका. कॅलिफोर्नियानं त्याचा कायदा केला, आणि २०२२ पासून तिथली बहुतेक हायस्कुलं साडेआठला किंवा नंतर भरतात.

आपल्याकडेही यावर विचार झाला, नाही असं नाही. तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी पोरांची झोप होत नाही म्हणून शाळांच्या वेळा बदलायची सूचना केली, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये शासन निर्णय निघाला: शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नये. कोणत्या पोरांची? चौथीपर्यंतच्या. म्हणजे ज्यांचं अंगातलं घड्याळ अजून पहाटे पाचला आपोआप वाजतं आणि जी उठून अख्खं घर जागं करतात, त्यांना सरकारनं झोपायला सांगितलं. ज्यांचे डोळे आठला उघडत नाहीत ती सव्वासातला प्रार्थनेला उभी.

खाण्याचंही असंच. शाळेतल्या पोषण आहाराची योजना केंद्रानं १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू केली ती पाचवीपर्यंतच्या पोरांसाठी. सुरुवातीला धान्य घरी मिळायचं. सुप्रीम कोर्टानं २००१ मध्ये डोळे वटारले तेव्हा कुठे शिजवून द्यायला लागले. सहावी ते आठवीच्या पोरांना देशभर ताट मिळालं ते २००८ च्या सुमारास. सरकारी पोटाला पाचवीतून आठवीत जायला तेरा वर्षं लागली. या गतीनं ते नववीत २०२१ मध्ये यायला हवं होतं, आणि २०२१ मध्ये खरंच हालचाल झाली: योजनेचं नाव बदलून 'पीएम पोषण' केलं आणि खाली बालवाटिका जोडली. पोट वर सरकायच्या ऐवजी खाली सरकलं.

सहावी ते आठवीच्या पोराला या योजनेत दीडशे ग्रॅम धान्याचं ताट ठरलेलं आहे. ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं. आठवीचा निकाल लागतो, उन्हाळा जातो, जूनअखेर शाळा भरते, आणि २० ग्रॅमचं शून्य होतं. आता हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा तक्ता बघा. आयसीएमआरच्या २०२० च्या हिशेबानुसार तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलाला दिवसाला ४५ ग्रॅम प्रथिनं लागतात आणि सोळा ते अठराच्या मुलाला ५५. म्हणजे एका तक्त्यात भूक चढत जाते आणि दुसऱ्यात ती नववीला मरते. दोन्ही तक्ते सरकारचेच. माझा चिरंजीव त्या दोन तक्त्यांच्या मधल्या फटीत उभा आहे, आणि गेल्या वर्षी शिवलेली पॅंट त्याला घोट्याच्या वर येते.

चौथीपर्यंत झोप, आठवीपर्यंत खिचडी, आणि नववीपासून पुढं दोन्ही विषय ऐच्छिक.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये साफ लिहिलंय की सकाळी पौष्टिक नाश्ता दिला तर अवघड विषय चांगले डोक्यात शिरतात. लिहिणारे दिल्लीला, वाचणारे मुंबईला. मधल्या मधे तामिळनाडूनं ते करून दाखवलं. १५ सप्टेंबर २०२२ ला मदुराईत तिथल्या मुख्यमंत्र्यांनी सकाळच्या नाश्त्याची योजना सुरू केली आणि पुढच्या वर्षी ती राज्यभर नेली. उपमा, खिचडी, पोंगल, सांबार. (आमच्या मायला मी हे वाचून दाखवलं तर तिला वाटलं तिकडची पोरं नाश्त्याला कोथिंबीर खातात; वऱ्हाडात सांबार म्हणजे कोथिंबीर.) ही योजना मात्र तिथंही प्राथमिकच्याच पोरांना. मिशा फुटल्या की माणसाला भूक लागत नाही, याबाबत बऱ्याच सरकारांचं एकमत दिसतं.

भूक लागत नाही ही अफवा आहे. ज्याला शंका असेल त्यानं रविवारी आमच्या घरी यावं.

रविवारी माय उकडपेंडी करते. कढईत तेल जरा जास्त, त्यात मोहरी, जिरं, कांदा, हिरव्या मिरच्या, मूठभर फल्लीदाणे, हळद. मग जाडसर दळलेली कणीक, त्यात घरची ज्वारी असेल तर अर्धं ज्वारीचं पीठ. हे मंद आचेवर परतत राहायचं. घाई केली तर पीठ कच्चं राहतं, लक्ष गेलं तर जळतं. रंग बदलला आणि खरपूस वास सुटला की आंबट ताकाचा हबका मारायचा, परतायचं, पुन्हा हबका, आणि झाकण ठेवून वाफ. वरून निंबू, सांबार. हा वास आमच्या घरातून निघून शेजाऱ्याच्या ओसरीवरून पोरांच्या खोलीत शिरतो तेव्हा साडेदहा वाजलेले असतात. चिरंजीव डोळे न उघडता उठतो, वासाच्या रेषेत चालत येतो आणि परातीएवढी ताटली पुढे करतो. पुतणी 'मी डाएटवर आहे' असं म्हणून कढईच खरवडायला घेते. ज्या पोरांना शनिवारी सहा वाजता टोस्टपलीकडे काही जात नव्हतं तीच ही पोरं.

मग वहिनीला वाटलं, ही उकडपेंडी डब्यात द्यावी. दिली. पहाटे साडेचारला उठून केली. पण उकडपेंडीचा एक स्वभाव आहे. थंड झाली की तिचं ढेकूळ होतं. पुतणीनं संध्याकाळी डबा जसाच्या तसा परत आणला आणि वहिनीनं तो उलटा केला तर ढेकूळ डब्याच्या आकारासह बाहेर पडलं. काका म्हणाले, बांधाला टाका, पाणी अडेल.

मध्यंतरी पुण्याहून आतेबहीण आली होती. आमची ही दैना बघून तिनं पिशवीतून कॉर्नफ्लेक्सचा खोका काढला. "वहिनी, काही करायचं नाही, दूध ओतलं की झालं." बायकोनं दूध ओतलं. आमच्याकडे दूध म्हणजे म्हशीचं, आणि दुभत्या घरात दूध देतात ते उकळतं. अर्ध्या मिनिटात वाटीत पिवळी लापशी. मायनं चमचाभर तोंडात टाकून बराच वेळ विचार केला आणि विचारलं, "हे अगोदरच कोनं चावून ठेवलं होतं काय?" कंपनीला वाटायला नको की किन्हीराजाचंच काही चुकलं. नव्वदच्या दशकात केलॉग भारतात आली तेव्हा अख्ख्या देशानं तिच्या खोक्यावर गरम दूध ओतलं होतं आणि तिचे हिशेब पहिली काही वर्षं असेच लापशी झाले होते. खरी गंमत पुढे आहे. १८९४ मध्ये अमेरिकेत बॅटल क्रीकच्या आरोग्यधामात केलॉग बंधूंच्या हातून शिजवलेले गहू तसेच राहून गेले. शिळे झाले. टाकवेनात, म्हणून ते लाटले आणि भाजले. त्यातून पहिले फ्लेक्स निघाले. पुढे मक्याचे आले. सगळं जग ज्याला आधुनिक नाश्ता म्हणतं त्याच्या मुळाशी शिळंच आहे. आमच्याकडे उरलेल्या पोळ्या चुरून कांदा-मिरचीची फोडणी देतात, त्यात आणि यात फरक खोक्याचा.

आता आमच्या शिवारातली गोष्ट. वाशीम जिल्ह्यात पावसाळ्यात जिकडे बघावं तिकडे सोयाबीन. सोयाबीनमध्ये साधारण ४० टक्के प्रथिनं आणि २० टक्के तेल असतं. पृथ्वीवर प्रथिनांचं याच्याहून स्वस्त कोठार सापडणं कठीण आणि आम्ही त्याच्या ऐन मधोमध राहतो. हे सोयाबीन आम्ही पोत्यात भरून मालेगाव-वाशीमच्या बाजारात नेतो, भाव बघून छाती धरतो, आणि विकून परत येतो. तिथून ते तेलाच्या कारखान्यात जातं. तेल निघतं, राहते ती पेंड. पेंड जाते कोंबड्यांच्या खाद्यात. तेल पाउचमध्ये बसून आमच्याच स्टँडवर परत येतं, आणि त्यात समोसा तळला जातो. तो समोसा चिरंजीव मधल्या सुटीत खातो. म्हणजे किन्हीराजाच्या मातीतलं प्रथिन कोंबडी खाते आणि तेल पोरगं.

कोंबडीनं ते प्रथिन अंड्यातून परत करायचं ठरवलं होतं. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारनं शाळेत आठवड्याला एक अंडं, आणि जे खात नाहीत त्यांना केळ, असं ठरवलं. अर्थात आठवीपर्यंतच. त्यावर अंडं शाकाहारी की मांसाहारी यावर राज्यात जी चर्चा झाली तिच्यात खर्च झालेल्या कॅलरी मोजल्या तर एक तालुका पोसला गेला असता. जानेवारी २०२५ मध्ये सरकारनं अंड्याचे वेगळे पैसे थांबवले आणि ज्या शाळेला अंडी द्यायची असतील तिनं लोकसहभागातून द्यावीत असं सांगितलं. आमच्या गावात लोक सहभागी व्हायला तयार आहेत. कोंबड्यांशी बोलणी सुरू आहेत.

बायकोनं घरच्या घरी सोयाबीन खाऊ घालायचा प्रयत्न केला. बचत गटाच्या प्रशिक्षणात सांगितलं होतं की सोयाबीन कच्चं वापरायचं नाही, उकळून-वाळवून किंवा भाजून दळायचं, कारण कच्च्या दाण्यात प्रथिन पचू न देणारा घटक असतो; आणि नऊ भाग गव्हाला एक भाग सोयाबीन, त्याहून जास्त नाही. तिनं सगळं नीट केलं. पोळ्या छान मऊ झाल्या. चिरंजीवानं पहिला घास घेतला, थांबला, आणि म्हणाला, "आई, गोदामाचा वास येते." त्याच आठवड्यात त्यानं माझ्याकडे जिमवाल्या मित्राकडून ऐकलेल्या प्रोटीन पावडरच्या डब्यासाठी पैसे मागितले. मी डब्यावरची बारीक अक्षरं मोबाइलवर मोठी करून वाचली. पहिलाच घटक: सोया प्रोटीन आयसोलेट. वडील क्विंटलनं विकतात ते पोरगं किलोनं मागतंय. त्या दोन भावांतला फरक मी त्याला समजावून सांगितला. गणितात तो जरा कच्चाच आहे, पण हे त्याला लगेच कळलं आणि तो गप्प बसला.

शाळेपाशी काय मिळतं ते सगळ्यांना माहीत आहे. अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा २०२० चा नियम आहे की चरबी, मीठ, साखर जास्त असलेले पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत विकायचे नाहीत. आमच्याकडच्या एका टपरीनं हा नियम तंतोतंत पाळला आहे. वाचला नसेल, पण पाळला आहे. ५१ व्या मीटरपासून कढई सुरू होते. समोसा, कचोरी, आलूपोंगा, तिखट मीठ लावलेले पिवळे पोंगे. आणि फ्रीजमध्ये ती वीस रुपयांची लाल बाटली, जी प्यायल्यावर पोरांना अंगात वीज शिरल्यासारखं वाटतं. बाटलीवर लिहिलेलं असतं की हे लहान मुलांसाठी नाही. अक्षर इतकं बारीक की ते फक्त लहान मुलांनाच वाचता येईल. आम्हा चाळिशीच्या लोकांना चष्मा लागतो.

मुलींचं वेगळंच. पुतणी जाते ती मानव विकास योजनेच्या निळ्या बसनं, आणि सोमवारी कॉलेजात तिला मिळते निळी गोळी. लोह आणि फॉलिक ॲसिडची. ही गोळी गमतीची नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या पंधरा ते एकोणीस वयाच्या शंभर मुलींपैकी ५९ जणींच्या अंगात रक्त कमी निघालं, मुलग्यांत ३१. गोळी जेवणानंतर घ्यायची असते, अनुशापोटी घेतली तर मळमळतं. आता हिशेब करा: सोमवार, त्यातून श्रावण, पोरगी उपाशी, वर सकाळचा चहा, जो लोह अंगी लागू देत नाही. गोळी घेतली, मळमळलं, बाकावर डोकं टेकलं. मैत्रिणींनी निष्कर्ष काढला की गोळी वाईट. पुढच्या सोमवारी साऱ्या वर्गाच्या गोळ्या खिडकीतून बाहेर. खिडकीखालच्या झाडाची पानं मात्र, पुतणी सांगते, हिरवीगार आहेत.

यावर आवळा, निंबू, गूळ-फल्लीदाणे असले उपाय आहेत आणि ते सगळे आमच्या घरी डब्यात भरलेले असतात. डबा असतो फळीवर, आणि सकाळी सहाला फळीपर्यंत हात उचलायची ताकद कुणात नसते.

गावात पोटभर नाश्ता करणारी एकच जमात आहे: भरतीवाली पोरं. सतरा-अठराची. पोलीस भरतीत मुलग्यांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावायचं असतं, म्हणून ती पहाटे जुन्या हायवेवर धावतात. समृद्धीनं ट्रक नेले आणि आम्हाला धावपट्टी दिली, हा त्या महामार्गाचा कुठल्याच अहवालात नसलेला फायदा. ही पोरं धावून येतात, पुलाच्या कठड्यावर बसतात आणि रुमाल सोडतात. रुमालात रात्री भिजवलेले हरभरे, मोड डोकावणारे. त्यासोबत गूळ, कुणाकडे केळी, कुणाकडे उकडलेली अंडी. सोलायचं, मीठ लावायचं, आणि बोलायचं नाही. या पोरांच्या आयांना मी विचारलंय. त्यांनी कधीच 'खाऊन जा' म्हटलेलं नाही. कारण ती जाताना खात नाहीत. येताना खातात. तिथं मला माझ्या मायचं टोपलं दिसलं.

मग मी पालक सभेत उभा राहिलो. म्हटलं, सर, सकाळच्या शाळेत मधली सुटी साडेदहाला असते, ती साडेनऊला करा, आणि दहा मिनिटांच्या ऐवजी वीस मिनिटांची. पोरं घरून डबा आणतील. काका शेजारी बसले होते, त्यांनी "आमच्या टायमाले" म्हणून सुरुवात केली आणि मी त्यांना खाली बसवलं. सूचनेचं स्वागत झालं. एका पालकानं विचारलं, वीस मिनिटं दिली तर पोरं टपरीवर जाणार नाहीत कशावरून. दुसऱ्यानं विचारलं, दहा मिनिटं कुठल्या तासातून कापणार. गणिताचे गुरुजी म्हणाले, मराठीच्या, आणि मराठीच्या बाई म्हणाल्या, गणिताच्या. शेवटी असं ठरलं की सूचना चांगली आहे, लेखी द्या. त्यानंतर चहा झाला. सोबत बिस्किटं होती. मी एक बुडवलं, ते तुटून तळाला गेलं.

माझा लेखी अर्ज तयार व्हायच्या आत घरात वेगळंच घडलं. वहिनीनं मालेगावला जाणाऱ्या काळीपिवळीवाल्याशी बोलून घेतलं. तो सकाळी नऊच्या सुमारास आमच्या दारावरून जातो. आता उकडपेंडी, कधी धिरडं, कधी पोहे, कधी ज्वारीच्या कण्या, गरम डब्यातून त्याच्या सीटखाली बसून निघतात आणि क्लास सुटायच्या वेळी पुतणीच्या हातात पडतात. डबा फडक्यात गुंडाळलेला असल्यानं ढेकूळ होत नाही. डबा जरा हलका पोचतो, अशी तिची तक्रार होती. वहिनीनं चौकशी केली तर काळीपिवळीवाल्यानं काहीच लपवलं नाही. "वहिनी," तो म्हणाला, "उकडपेंडी मस्त, पन पोह्यात मिरची जरा कमी टाकत जा. मले गाडी चालवा लागते."

चिरंजीवाचं काम मायनं स्वतःकडे घेतलं. शाळा गावातच. मधल्या सुटीला ती फाटकाबाहेर, टपरीच्या अलीकडे, निंबाखाली टोपलं घेऊन बसते. पहिल्या दिवशी पोरगं लाजेनं मैदानाच्या पार टोकाला जाऊन उभं राहिलं. मित्रांपुढं आजी म्हणजे काय! मित्र मात्र आजीपाशीच थांबले. आता तिच्याभोवती नववीतली निम्मी मुलं असतात, दहावीतलीही काही आगाऊ कार्टी घुसतात, आणि चिरंजीवालाच पुढं जाऊन 'माही आजी हाय' असं सांगत जागा करून घ्यावी लागते. टपरीवाला नाराज आहे. नियमानुसार तो ५१ व्या मीटरला बसलाय आणि माय १० व्या, त्यामुळे त्याला काही बोलता येत नाही.

पीठ मात्र आठवड्याच्या आतच संपू लागलंय. काल रात्री मी टेबलावर बसून अर्जाची तिसरी ओळ जमवत होतो, 'उपरोक्त विषयास अनुसरून' इथं अडलो होतो, तेव्हा मायनं गव्हाचा डबा आणून माझ्यापुढं ठेवला.

"ते लिवनं मंग कर," ती म्हणाली, "पहिले दळन आन. अन् जाड दळाले सांग. मागच्या बारीला बारीक केलं त्यानं, पोरं बोंबलत होते."